हरिदास मास्तरांच्या सहाशे चिठ्ठ्या

१. हलकी पेटी

बुधवारी सकाळी हरिदास मास्तरांनी शाळेतली सागवानी पेटी उचलली आणि ती इतक्या सहज वर आली की मास्तरच मागच्या मागे बाकावर जाऊन बसले. रोज दोन्ही हात लावून, जरा कण्हत उचलायची पेटी. आज कोंबडीएवढी हलकी.

त्यांनी झाकण उघडलं. आत चार खण होते आणि प्रत्येकावर मास्तरांनी स्वतः रंगवलेलं नाव होतं: कुठी, कवा, कसा, कोणता. चारही खण रिकामे होते. एक चिठ्ठीसुद्धा शिल्लक नव्हती.

त्या चिठ्ठ्या सहाशे होत्या आणि त्या गोळा करायला मास्तरांना अकरा वर्षं लागली होती. येरमटोल्यात कुणाला इंग्रजी येत नाही, असं कुणी म्हणालं की मास्तर त्याला आलापल्ली-अहेरी रस्त्यावरच्या या गावातून एक चक्कर मारून आणत. कोतवाल पारावर झोपलेला असे, उठवलं की म्हणे, "ऑन ड्यूटी हावो जी." चार वर्षं बंद पडलेला बोअरिंगचा पंप 'अंडर रिपेअर' होता. रेशन दुकानात साखर 'आउट ऑफ स्टॉक'. लग्नाचं बोलावणं 'विथ फॅमिली'. शपथ घ्यायची तर 'बाय गॉड', चूक झाली तर 'बाय मिस्टेक'. जंगलात लाकडासोबत सापडला तो 'विदाउट परमिट'.

"पाहा," मास्तर म्हणत, "आपल्या बोलीत बंडी पुढं आन् बैल मागून ढकलते. 'झाडा' आधी, 'खाली' मागून. साहेबाच्या बोलीत बैल पुढं. 'अंडर' आधी, 'ट्री' मागून. एवढाच फरक. पण बंडीपासून बैल सोडू नका! तेंदूपत्त्याची सुटी पानं फडावर कोणी घेते का? सत्तर पानांचा पुडा बांधूनच न्या लागते. तसाच हाही पुडा. बांधलेला उचला, बांधलेला वापरा. आन् दर पुड्याले इचारा, तू कायचं उत्तर हायेस? कुठी? कवा? कसा? का कोणता?"

एका बाजूला पुडा, दुसऱ्या बाजूला तो कोण, कुठं, कधी बोललं याची नोंद. अशा सहाशे चिठ्ठ्या निळ्या शाईनं लिहिलेल्या होत्या. त्या घेऊन उन्हाळ्याच्या सुट्टीत मास्तर दहावीला इंग्रजीत नापास झालेल्या अकरा जणांना शिकवत. ऑक्टोबरात त्यांची परीक्षा होती. पण शाळेची खोली वापरायची परवानगी काही मास्तरांनी घेतली नव्हती, आणि कुणीतरी ते वर कळवलं होतं. शुक्रवारी अकरा वाजता शिक्षण खात्याचे विस्तार अधिकारी येणार होते. पेटी बघून पटलं तर वर्ग चालू. नाही पटलं तर खोलीला कुलूप आणि मास्तरांची बदली.

म्हणजे हातात दोन दिवस होते.

"पोट्ट्यांनो," मास्तर बसक्या आवाजात म्हणाले, "कोणीतरी लटारूभाऊले बोलवा."

लटारूभाऊ म्हणजे निवृत्त नाकेदार. तीस वर्षं जंगलखात्याच्या नाक्यावर बसून त्यांनी गाड्या तपासल्या. त्यांच्या नाकाबद्दल अहेरीच्या बाजारात काय काय सांगतात! एकदा म्हणे समोरून वरात चालली होती. भाऊ खाटेवर आडवे होते. डोळे न उघडता म्हणाले, "तिसरा ढोल थांबवा, त्याच्या आवाजात सागवान हाये." फोडला तर आत चार फुटी पाटी. दुसऱ्या वेळी त्यांनी एका म्हशीला अडवलं, कारण ती मालकाकडे बघत नव्हती. म्हशीचं पुढं काय निघालं, ते दर सांगणारा वेगळं सांगतो.

भाऊ आले, पण चिठ्ठ्यांबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. आधी कुलूप पाहिलं. ते शाबूत होतं. किल्ली भारताच्या नकाशामागच्या खिळ्याला टांगलेली असते हे गावातल्या शेळ्यांनाही ठाऊक होतं, त्यामुळे कुलपाचा विचार त्यांनी तिथंच सोडला. मग त्यांनी पेटी उन्हात नेली, वाकडी केली, आत डोकं घातलं.

"मास्तर, याच्यात शाईची दौत ठेवत होते का जी तुमी?"

"दौत? नाई बाप्पा."

लटारूभाऊंनी 'कवा'च्या खणाच्या तळावर बोट फिरवलं आणि वर धरलं.

बोट निळं झालं होतं.

२. तिघांच्या तीन तऱ्हा

मुख्याध्यापक गुणवंतराव मूळचे वडशाचे. त्यांचा नियमांवर विश्वास. शब्दयोगी अव्ययाची व्याख्या ते झोपेतही म्हणत, आणि त्यांच्या पत्नीच्या सांगण्यावरून, खरंच म्हणत.

"चिठ्ठ्यांनी भाषा येते काय हो?" ते लटारूभाऊंना म्हणाले. "आधी व्याख्या, मग कोष्टक, मग अपवाद. कोतवालाचं बोलणं शिकवायचं म्हणजे काय! मी आधीच सांगितलं होतं, हे अंगाशी येणार."

"वर कोणं कळवलं गुर्जी?"

गुणवंतरावांनी चष्मा पुसला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "मी फक्त माहितीसाठी कळवलं. खोलीची जबाबदारी माझी. उद्या छप्पर पडलं तर कोण धरलं जाईल?"

"बराबर हाये. आन् हे खिशातून काय डोकावून राह्यलं?"

गुणवंतरावांचा हात खिशावर गेला, पण उशिरा. भाऊंनी दोन बोटांनी पांढरं कार्ड ओढलं. मास्तरांच्या अक्षरात 'विथ ग्रेट प्लेझर'. खण: कसा.

"सोमवारी घेतली होती," गुणवंतराव पुटपुटले. "साहेबांच्या स्वागताला. भाषणात बरी दिसते. एकच घेतली हो! बाय गॉड."

"हेही पेटीतलंच," भाऊ म्हणाले आणि चालू लागले.

तेंदूपत्ता मोजून विकत घेतात तो फड गावाबाहेर मोहाच्या झाडांजवळ. मे महिना. ऊन असं की म्हशी डबक्यात शिरल्या की डबकंच बाहेर येऊन सावलीत बसत होतं. बाया पहाटे जंगलात जाऊन पानं तोडून आणत, दुपारी घरी पुडे बांधत आणि संध्याकाळी फडावर रांगेत मांडत. फडमुन्शी मंगरू छत्रीखाली बसून मोजत होता.

"शंभर," मंगरू म्हणाला. समोरच्या बाईनं मुकाट्यानं आणखी पाच पुडे ठेवले. इथली रीतच ती. शंभरामागे पाच वरचे. पाखरानं खाल्लेलं, फाटकं पान निघालं तर त्याची भरपाई म्हणून कुणीतरी कधीतरी सुरू केलं आणि मग ते बायांच्या हातातच बसलं. आता कुणी मागतही नाही, कुणी विचारतही नाही.

"मंगरू, मास्तरच्या चिठ्ठ्या तू नेल्या का बे?"

"मी?" मंगरू इतका मोठ्यानं हसला की छत्री कलंडली. "भाऊ, मले इंग्रजी कायले पाह्यजे? माह्या फडाचे सात जणं थ्या वर्गात जाऊन बसते. इथी पानं वाळून राह्यले, आन् हे तिथी 'अंडर द ट्री' करून राह्यले! म्या म्हणलं होतं, एक दिस थ्या चिठ्ठ्यांची चूल पेटवतो. म्हणलं होतं, पेटवली नाई."

"सातही जणं येते का फडावर?"

"सहा येते. सुकरी मडावी काल संध्याकाळपासून नाई दिसली. दोनशे पुड्याची पोरगी, एक पान नाई आलं. मायची तब्येत बिघडली असन."

मागं दोन माणसं वाळलेल्या पुड्यांवर बोटांनी पाणी शिंपडत होती. पोत्यात भरायच्या आधी कडक पान मऊ व्हावं, चुरा होऊ नये, म्हणून. भाऊ थोडा वेळ ते बघत उभे राहिले.

तिसरी मनकर्णाबाई. वडशाच्या झाडीपट्टी नाटक कंपनीची मालकीण आणि चाळीस वर्षांची असूनही अजून नायिका. हिवाळाभर गावोगाव नाटकं, उन्हाळ्यात भावाकडे येरमटोल्यात मुक्काम. तिच्या रडण्यावर एकदा भरल्या मंडपात तीन पोलीस रडले होते आणि चौथा ड्यूटीवर होता म्हणून उभ्यानं रडला होता.

"या भाऊ, बसा," ती म्हणाली. "माह्यावरच आळ येनार, मले मालूम होतं. पुढच्या नाटकात माह्यापाशी एक विलायती साहेब हाये. त्याच्या तोंडी घालाले म्या मास्तरले चिठ्ठ्या मांगल्या. थे म्हणे, नाई. म्हणून का म्या चोरन? मनकर्णा मांगून घेते, रडून घेते, भांडून घेते. चोरत नाई!"

वाक्य संपता संपता तिच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. भाऊंनी तिला मनातल्या मनात शंभर गुण दिले. पण त्याच वेळी त्यांना दिसलं की तिच्या ओट्यावर कात्री पडलेली आहे, आणि तिच्या पदराला पिवळ्या कागदाचा कातरलेला तुकडा चिकटलेला आहे.

३. दारातलं पोतं

गुरुवारी दुपारी चारला मास्तर शाळेत आले तेव्हा खोलीच्या उंबऱ्यावर एक पोतं होतं. तोंड सालीच्या दोरानं बांधलेलं.

मास्तरांनी दोर तोडला. आत चिठ्ठ्या! बांधलेल्या, नीट रचलेल्या, गठ्ठ्यावर गठ्ठा. त्यांनी वरची उचलली. 'ऑन ड्यूटी'. दुसरी, 'बाय हँड'. तिसरी, 'इन ॲडव्हान्स'. ते लहान मुलासारखे ओरडले, "आल्या! लटारूभाऊ, आल्या जी!"

मग त्यांनी चिठ्ठी उलटली.

मागं एक मिशी होती. नुसती, काळीभोर, टोकाला वळवलेली. पुढच्या चिठ्ठीमागं अर्धा डोळा. तिसरीमागं लाल अक्षरांत 'खळबळजन' एवढंच. मास्तरांच्या चिठ्ठ्या पांढऱ्या कार्डावर होत्या. या तर नाटकाच्या जुन्या पोस्टरांच्या पाठीवर लिहिलेल्या होत्या.

"ह्या माह्या नाई," मास्तर म्हणाले. "अक्षर माह्यावानीच हाये. पण थे अकराही जणांचं तसंच हाये, माह्यापासूनच शिकले थे." ते मटकन बसले. "कोणं माही थट्टा केली भाऊ. उद्या साहेबासमोर राजाची मिशी दाखवू का मी?"

लटारूभाऊ मात्र पोत्याजवळ मांडी घालून बसले होते आणि गठ्ठे मोजत होते. नाक्यावरची सवय. कागदावर काय लिहिलंय ते नंतर, आधी नग किती.

पहिला गठ्ठा त्यांनी दोनदा मोजला. दुसरा दोनदा. सहावा मोजून झाल्यावर त्यांनी विडी शिलगावली आणि ती ओढायची विसरले.

"मास्तर, तुमच्या किती होत्या?"

"सहाशे. गेल्या आठवड्यातच मोजल्या. बरोब्बर सहाशे."

"ह्या सहाशे तीस हायेत."

मास्तरांनी एक गठ्ठा ओढून स्वतः मोजायला घेतला.

"चोर आणून देते हे म्या तीस वर्षांत दोनदा पाह्यलं," भाऊ म्हणाले. "पण नेलं त्याच्यावर तीस जास्त आणून देणारा चोर! असा माणूस पकडायले मजा येते गा."

ते गठ्ठे चाळू लागले. दर शंभर झाले की खाली पाच वेगळ्या चिठ्ठ्या. 'बिफोर फूड'. 'आफ्टर फूड'. 'ऑन सलाइन'. 'अंडर ऑब्झर्व्हेशन'. 'फॉर फीमेल ओन्ली'.

"ह्या तुमच्या?"

मास्तरांनी एकेक वाचली. "नाई बाप्पा. ह्या म्या कधी आयकल्याच नाई."

लटारूभाऊंनी आता विडी ओढली. धूर सोडताना ते हसत होते.

"सांपडला का जी?" मास्तरांनी विचारलं.

"सांपडला."

"मंग नाव सांगा!"

"आज नाई. आज नाव घेतलं तं थो माणूस उद्या तोंड दाखवाले येणार नाई. आन् उद्या थोच पाह्यजे. तुमी जा, डाळभात खा, झोपा. साहेबासमोर पोतं तसंच ठेवा."

"मिशीसकट?"

"मिशीसकट."

४. साहेब आले

शुक्रवारी अकराला जीप आली. साहेब उंच, घामाघूम, मूळचे पुण्याकडचे. गुणवंतरावांनी हार घातला आणि म्हणाले, "विथ ग्रेट प्लेझर." पुढचं भाषण ते विसरले. अकरा जण भिंतीशी रांगेत बसले होते. कोपऱ्यात सुकरी, वीस वर्षांची, डोळे लाल. मनकर्णाबाई नवी साडी नेसून दारात. मंगरूही आला होता, फड सोडून. म्हणाला, सहज आलो.

साहेबांनी पोत्यातून मूठभर चिठ्ठ्या काढल्या, उलटल्या. मिशी, हनुवटी, 'खळबळजन'.

"हेच ते अकरा वर्षांचं काम?" त्यांनी मास्तरांना विचारलं.

"नाही जी. माझ्या चिठ्ठ्या चोरीला गेल्या."

"सोयीस्कर वेळी गेल्या."

गुणवंतरावांनी मान हलवली, मग मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहून थांबवली. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. मास्तर जमिनीकडे बघू लागले.

"साहेब, दोन मिनिटं," लटारूभाऊ पुढं आले. "कुलूप लावाचं तं लावा, पण आधी चोर पाहून घ्या."

खोलीत पंखा नव्हता, तरी कुणी वारा घेईना.

"पेटीच्या तळाले निळे डाग हाये. शाई ओली झाली. म्हणजे चिठ्ठ्या नेल्या नंतर, भिजल्या आधी, इथीच, पेटीत. कोणं दुष्मनी काढाची तं मडकं ओतलं असतं. तळभर निळं तळं झालं असतं. पण हे पाहा, बारीक बारीक ठिपके. बोटानं शिंपडलेलं पाणी. दुष्मन शिंपडत नाई साहेब. शिंपडते कोण? ज्याले वाटते, कागद उन्हानं कडक झाला, उद्या साहेबाच्या हातात याचा चुरा होईन, जरा मऊ करू. फडावर पोतं भराच्या आधी करते तसं. माया होती म्हणून पाणी टाकलं. शाई वाहून गेली आन् सहाशे चिठ्ठ्यांचं भरतं झालं."

मास्तरांनी मान वर केली.

"मंग थ्या माणसानं चिठ्ठ्या नेल्या आन् नव्या लिहून आणल्या. कोणं? गुर्जीनं? गुर्जीनं सहाशेच आणल्या असत्या, आन् वर पोच मांगतली असती. मनकर्णाबाईनं? बाईनं कागद देला, कातरून देला, हे मिशीच सांगते."

"देला!" मनकर्णाबाई दारातून म्हणाली. "आन् कोणाले देला थे मारलं तरी सांगनार नाई!"

"नका सांगू. बाईले मोजता येत नाई, नाटकाले पन्नास माणसं आले तं पाचशे सांगते."

"भाऊ!"

"ह्या चिठ्ठ्या दर शंभरामागं पाच वरच्या हायेत. सहाशेवर तीस. ही फडाची मोजणी. मंग मंगरू? नाई. मंगरूचा हात पाच घेणारा. हा पाच देणारा हात हाये. दर शंभरावर पाच ठेवल्याबिगर ज्याले शंभर झाले असं वाटतच नाई, असा हात. पानं तोडणाऱ्या बाईचा."

मंगरूनं पायाखालची माती बघितली.

"वर्गातले सात जणं पानं तोडते. त्यातली एक मंगळवारच्या संध्याकाळपासून फडावर नाई. आन् थ्या तीस चिठ्ठ्या पाहा. 'बिफोर फूड', 'ऑन सलाइन'. दवाखान्यातल्या बोली. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यात मायजवळ दोन महिने कोण बसलं होतं?"

भाऊंनी तिचं नाव घेतलं नाही. त्याची गरजही पडली नाही. सुकरी उठली. तिच्या बोटांना अजून शाई होती.

"बाय मिस्टेक झालं जी," ती म्हणाली आणि रडायला लागली. "मास्तर, म्या पुड्यावानी दर थरावर चार चार थेंब टाकले. झाकण लावलं. मंग वाटलं एकदा पाहू, तं सारं निळं झालं होतं. तुमचे अकरा वर्षं. मले काही सुचलं नाई. पेटीसमोर कसं उभं राहू? सगळं घेऊन घरी गेली आन् लिहीत बसली."

"कुठून पाहून लिहिलं?" साहेबांनी विचारलं.

"कुठून पाहीन? सगळं वाहून गेलं होतं."

साहेबांच्या हातातलं पेन तसंच राहिलं. "म्हणजे आठवून? सहाशे?"

"मोजल्या तवा सहाशेच भरल्या जी. भाऊ म्हणते सहाशे तीस, पण वरच्या पाच का कोणी मोजते?"

अकरा जणांत खसखस पिकली. मंगरू सगळ्यांत आधी हसला आणि मग त्यालाच कळलं की आपण कशावर हसतोय.

साहेब पुढं झाले. त्यांनी खुर्ची सुकरीसमोर ओढली. "दहावीला किती वेळा बसलीस?"

"तीनदा. बाकी सारं निघालं, इंग्रजी राह्यलं. नर्सच्या ट्रेनिंगले दहावी पाह्यजे."

"शब्दयोगी अव्ययाची व्याख्या सांग."

सुकरी मान खाली घालून अंगठ्यानं जमीन उकरू लागली. गुणवंतराव ओठ हलवून तिला सांगू पाहत होते; तिला दिसलं नाही.

"बरं," साहेब म्हणाले आणि इंग्रजीत विचारलं, तुझी आई कुठं आहे?

सुकरीनं डोळे पुसले. मग म्हणाली, "ॲट होम." थोडं थांबून, "ऑन द कॉट." मग तिला वाट सापडली. "अंडर द नीम ट्री. बिहाइंड द हाउस. विथ द गोट."

"विथ द गोट?"

"येस सर. बकरी तिले सोडत नाई."

साहेब हसले. अंगातला घाम, रस्त्यातली धूळ, सगळं त्या हसण्यात गळून गेलं. त्यांनी आणखी विचारलं. कोणती बकरी? विथ वन हॉर्न. कधी येणार डॉक्टर? ऑन मंडे, इन द मॉर्निंग. कसे येणार? बाय बस, इफ द बस इज नॉट अंडर रिपेअर. एकही पुडा सुटला नाही. शेवटी साहेबच दमले.

"छान," ते म्हणाले आणि कागद घडी करून खिशात ठेवू लागले. "प्रस्ताव वर पाठवतो. वर्गाचा विषय अंडर कन्सिडरेशन राहील."

मास्तरांचा चेहरा पडला. अकराचे अकरा चेहरे पडले. ते दोन शब्द गावात नवे होते, पण अर्थ सगळ्यांना कळला. पंपही असाच चार वर्षं 'अंडर रिपेअर' होता.

सुकरीनं मात्र हात वर केला.

"सर, हा पुडा मास्तरांच्या पेटीत नव्हता. म्या कोणत्या खणात टाकू? 'कवा'त टाकू म्हणलं, तं याच्यातून कवा थे समजत नाई. 'कुठी'त टाकू म्हणलं, तं कुठी थे बी समजत नाई."

लटारूभाऊंना खोकला आला. मनकर्णाबाईनं पदर तोंडाशी धरला. या वेळी अभिनय नव्हता. गुणवंतराव छताकडे बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

साहेबांनी कागद खिशातून परत काढला. मग त्यांनी घडी उलगडली, कागद पेटीच्या झाकणावर ठेवला आणि उभ्यानं लिहिलं. ऑक्टोबरपर्यंत खोली वर्गासाठी उघडी राहील. खाली सही, तारीख, शिक्का.

"हे घे," त्यांनी कागद तिच्याच हातात दिला. "तुझ्या मास्तरांना दे. बाय हँड."

जीप गेली. धूळ बसायच्या आधीच अकरा जणांनी आरडाओरडा केला, मंगरूनं कुणाला तरी उचललं, मनकर्णाबाईनं जाहीर केलं की पुढच्या नाटकातला साहेब बकरी घेऊन येईल. गुणवंतराव म्हणाले, व्याख्या मात्र पाठ करावी लागेल, आणि कुणी ऐकलं नाही. लटारूभाऊ गर्दीतून बाहेर पडून उंबऱ्याशी विडी ओढत बसले.

मास्तर अजून बाकावरच होते. सुकरी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली, परवानगीचा कागद दोन्ही हातांत धरून.

"मास्तर, तुमच्या अक्षराच्या चिठ्ठ्या गेल्या जी. कोण बोललं, कवा बोललं, थे सारं मागं लिहिलं होतं. थे म्या नाई भरू शकली. मले माराचं तं मारा."

मास्तरांनी तिच्या हातातला कागद घेतला, बाजूला ठेवला. पोत्यातून एक चिठ्ठी काढली. 'फॉर फीमेल ओन्ली'. ती उलटसुलट पाहिली. मिशीवरून अंगठा फिरवला.

"हा कोण बोललं?" त्यांनी विचारलं.

"बाजूच्या खाटेवरची म्हातारी. सिरोंच्याकडची होती. तिले दुसरं काहीच वाचता येत नव्हतं, पण पुरुष वॉर्डात आला का थे बोर्डाकडं बोट करून हेच वरडे."

"कोणत्या साली?"

"औंदाच. पुसाचा महिना होता. लई थंडी होती, आन् माय रातभर सलाइनवर."

"आन् बाकीच्या एकोणतीस?"

"थ्या बी तिथल्याच. तुमी बायांच्या वॉर्डात कवा गेलते जी, मास्तर? तिथी तं ढिगानं पडल्या हायेत."

मास्तर सरकले आणि बाकावर तिच्यासाठी जागा केली. खिशातून पेन काढलं, टोपण काढलं, पोस्टराचा एक कोरा तुकडा गुडघ्यावर घेतला.

"हळू सांग," ते म्हणाले. "मी लिहून घेतो."